होयबा मामा आणि माफीचा बोर्ड

माझ्या मामाने आयुष्यात शेकडो माणसांना उभं केलं आणि स्वतः मात्र कधी कुणासमोर ताठ उभा राहिला नाही. हे मी प्रेमानेच म्हणते आहे, पण म्हणताना दात थोडे आवळलेले असतात. मामा कृत्रिम पाय बनवायचा. सरकारी इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोबीखाना आणि शवागार यांच्या मधोमध, पत्र्याची एक लांबट शेड होती. आत भट्टी, हवा खेचणारा पंप, करवती, कानशी, प्लास्टरची पोती आणि मामा. बाहेर भिंतीला टेकून एक लांब बाक, त्यावर पायाची वाट बघणारी माणसं. साहेब आला की मामा उठायचा. साहेबाचा ड्रायव्हर आला तरी उठायचा. एकदा साहेबाची रिकामी गाडी नुसती वळून गेली, तेव्हाही तो कानस हातात घेऊन उभा राहिलेला मी पाहिला आहे. माझी आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, त्याला तोंडावर ‘होयबा’ म्हणायची. त्यावरही तो “हो” म्हणायचा.

मी त्याची भाची तर होतेच, पण आठव्या वर्षी त्याची गिऱ्हाईकही झाले. युद्ध संपल्याचं जाहीर होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. रेडिओवर शांततेची भाषणं चालू होती आणि मी शाळेमागच्या मैदानात चेंडू आणायला गेले. मैदानातल्या सुरुंगाला शांततेची बातमी कुणी कळवली नव्हती. डावा पाय गुडघ्याखाली गेला. मोठी झाल्यावर मला कळलं की तो सुरुंग, त्याच्यासारखे हजारो सुरुंग आणि ते पेरणाऱ्यांचे बूटसुद्धा आमच्या आधीच्या सरकारने परदेशांकडून उधारीवर घेतले होते. म्हणजे माझा पाय उडाला तेव्हा त्या सुरुंगाचे हप्ते अजून बाकीच होते. ते विकणारे देश पुढे आमची ‘मित्रराष्ट्रं’ झाली आणि आमचं नवं सरकार त्यांच्यापुढे हात जोडून म्हणू लागलं, “झेपत नाही हो, माफ करा.” इथे माफी नेमकी कुणी कुणाची मागायला हवी होती, हा प्रश्न आमच्या घरात फक्त आईला पडला. मामाचं म्हणणं, एवढे मोठे लोक बोलतायत, काहीतरी विचार करूनच बोलत असतील.

पाय कसा बनतो ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. उरलेल्या पायावर ओलं प्लास्टर गुंडाळून साचा घ्यायचा. त्यावरून प्लास्टरचा तसाच पाय ओतायचा. मग प्लास्टिकच्या मोठ्या, जाड शीटचा एक तुकडा भट्टीत मऊ पडेपर्यंत तापवायचा आणि दोघांनी टोकं धरून तो झपकन त्या प्लास्टरवर ओढायचा. पंप हवा खेचतो, शीट घट्ट चिकटते, थंड झाली की वाटी तयार. त्या वाटीत आपला उरलेला पाय बसतो. खाली रबरी पंजा. या शीट एका मित्रराष्ट्राकडून मदत म्हणून फुकट यायच्या. बिस्किटी रंगाच्या. गठ्ठ्यावर ‘कातडीचा रंग’ असं छापलेलं असायचं. आमच्या अख्ख्या देशात त्या रंगाची कातडी कुणाचीच नव्हती, पण फुकट आलेल्या मालाच्या रंगाबद्दल कुरकुर करायची सोय नव्हती. मोठ्या माणसाला असा पाय काही वर्षं पुरतो. वाढत्या मुलीला मात्र दरवर्षी नवा लागतो, कारण हाडं कुणाच्या परवानगीची वाट बघत नाहीत.

सुरुवातीची वर्षं मामाने मला वेळच्या वेळी पाय दिले. मग कर्जमाफीच्या वाटाघाटी सुरू झाल्या. माफी हवी असेल तर आधी काटकसर करून दाखवा, अशी मित्रराष्ट्रांची अट. काटकसर कुठे करावी म्हणून सरकारने चोहीकडे नजर फिरवली आणि त्याला नेमके लंगडे दिसले. मामाचा शीट ओढणारा जोडीदार कामावरून काढला गेला. शीट ठेवलेल्या खोलीला कुलूप लागलं आणि चावी मंत्रालयातल्या साहेबाकडे गेली. या साहेबाला बाकावरची माणसं ‘लवकरच साहेब’ म्हणायची. शीट कधी मिळणार? लवकरच. जोडीदार परत कधी येणार? लवकरच. नाकाने कांदे सोलत बोलायचा, रुमालाने खुर्ची पुसून मगच बसायचा आणि निघताना मामाच्या खांद्यावर थाप मारायचा. ती थाप मिळाली की मामा दिवसभर कानस घासता घासता गुणगुणायचा. मला ते गुणगुणणं ऐकवत नसे.

वाटाघाटी म्हटल्या की समित्या आल्या. कर्ज माफ करण्याआधी गरिबी आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावी, अशी त्यांची पद्धत. विमानतळावरून हॉटेल, हॉटेलवरून आमची शेड. शेड बघायला सोयीची होती. गाडी थेट दारापर्यंत यायची आणि चिखल लागायचा नाही. तिथे त्यांना एक फोटो हवा असायचा: पाय नसलेली मुलगी, तिला पाय देणारे पाहुणे. आता मुलगी होती, पाहुणे होते, पण द्यायला नवा पाय कुठून आणायचा? शीट तर कुलपात. यावर लवकरच साहेबाने तोडगा काढला आणि मामा म्हणाला, “हो साहेब, उत्तम.”

तोडगा असा. समिती यायच्या आधी माझा पाय काढून घ्यायचा. ओल्या फडक्याने पुसायचा. त्याला रिबन बांधायची. मग समितीतल्या बाई तो माझ्या हातात द्यायच्या, सगळे टाळ्या वाजवायचे, आणि गाड्या गेल्या की मी रिबन सोडून माझाच पाय पुन्हा घालून घरी जायचे. माझाच पाय मला किती वेळा भेट मिळाला, याचा हिशोब मी सोडून दिला. एका बाईंनी तो देताना मला मिठी मारली आणि रडल्या. मला वाटलं आता एखादा रुमाल तरी मिळेल, पण नाही, रुमाल त्यांनी स्वतःसाठी काढला होता.

मामाने हे सगळे फोटो फ्रेम करून शेडमध्ये ओळीने लावले. कुणी आलं की बोटाने दाखवायचा, “हे अमक्या देशाचे, हे तमक्या बँकेचे.” आई शाळेचे गणवेश शिवायची. एकदा त्याचं जेवण घेऊन आली आणि ओळीसमोर थांबली. शिंपीण ती, तिची नजर मापाची. म्हणाली, “दादा, बघ जरा. पोर दर फोटोत वाढत चाललीय. पाय तोच आहे.”

मामाने बघितलं. मग म्हणाला, “माफी झाली की नवा देणार आहेत. साहेबांनी शब्द दिलाय.”

“साहेबाचा शब्द बांधून फिरणार का ती?” आई म्हणाली आणि डबा आपटून निघून गेली.

तोवर तो पाय मला तोकडा तर पडलाच होता, वर घट्टही झाला होता. लांबी वाढवायला मामाने पंज्याखाली जुन्या चपलांचे तळ ठोकले होते, त्यामुळे मी चालायला लागले की एक पाय शाळेतल्या मुलीचा आणि दुसरा मोच्याच्या टपरीतला वाटायचा. पण वाटी रुंद कशी करणार? ती घासून घासून माझ्या पायाला जखम झाली. डॉक्टरांनी ती दाबून पाहिली आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं की ही वाटी आता चालणार नाही. जखम वर सरकली तर गुडघ्याच्या वरून कापावं लागेल. गुडघा असणं आणि गुडघा नसणं यात केवढं अंतर आहे, हे त्या बाकावरच्या कुणालाही विचारा. गुडघा असेल तर माणूस जिना चढतो. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला जिने चढायचे होते.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो पांढराफटक पडला. त्याच दिवशी मंत्रालयात जाऊन आला. येताना चेहरा उजळलेला. माफी ठरली होती! पुढच्या महिन्यात समारंभ! कुलपात शेवटच्या तीन शीट उरल्या होत्या, पण माफी झाली की नवे गठ्ठेच्या गठ्ठे येणार होते.

“मग त्या तीनमधून हिचा पाय कर ना आत्ता,” आई म्हणाली.

मामा चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला. मग खरं काय ते बाहेर आलं. मागच्या एका समारंभात कापडी बॅनर वाऱ्याने सुटून मंत्र्यांच्या डोक्यावर पडला होता आणि उरलेलं भाषण त्यांनी बॅनरच्या आतून केलं होतं. या वेळी तसं व्हायला नको म्हणून साहेब काळजीत होते. कडक, मोठा, वाऱ्याला न वाकणारा बोर्ड कशाचा करावा? आणि आमचे होयबा, ज्यांना कुणी विचारलंही नव्हतं, ते पुढे होऊन म्हणाले होते, “साहेब, आमच्या शीट आहेत ना. अजिबात वाकत नाहीत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय एकच, पण आग दोघांची होती. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मामा मात्र खरोखर गोंधळून आमच्याकडे बघत होता. त्याला वाटत होतं की त्याने हुशारी केली: तीन शीट देऊन साहेबाला बांधून घेतलं, आता पहिला गठ्ठा आपलाच. साहेबलोक उपकार लक्षात ठेवतात असं समजणारी माणसं जगात असतात, आणि त्यातला एक आमच्या नशिबी मामा म्हणून आला होता.

समारंभ थाटात झाला. मंत्रालयाच्या आवारात मांडव, गालिचे, बँड. वर आमच्या तीन शीट स्क्रूने जोडून केलेला बोर्ड, त्यावर निळ्या ऑइलपेंटमध्ये हातभर अक्षरं: ‘कर्जमाफीबद्दल हे राष्ट्र मित्रराष्ट्रांचं सदैव ऋणी राहील.’ आई वाचून म्हणाली, “म्हणजे जुनं उतरवायच्या आत नवं चढवलं.” मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. रिबन, पाय, टाळ्या सगळं झालं. पाहुण्यांनी सांगितलं की आजपासून या देशाचं भविष्य मोकळं झालं आहे. त्या दिवशी सोसाट्याचा वारा होता. बोर्ड जराही हलला नाही. मागे उभा राहून मामा अभिमानाने त्याच्याकडे बघत होता.

त्यानंतर आम्ही गठ्ठ्यांची वाट बघत बसलो. माझी जखम ओली झाली. मी वाटी घालणं सोडलं आणि कुबड्यांवर आले. डॉक्टर दर खेपेला गुडघ्याच्या जवळ जवळ दाबून बघू लागले. शेवटी आईने मामाचा दंड धरला आणि आम्ही तिघं मंत्रालयात गेलो. कुबड्यांनी जिना चढताना मला जे शिव्याशाप सुचले ते सगळे मला अजून पाठ आहेत.

लवकरच साहेब त्या दिवशी खुशीत होता. समजावून सांगण्याच्या तयारीत होता.

“माफ झालं म्हणजे काय, की आता ते फेडायचं नाही,” तो म्हणाला.

“मग फेडायचे पैसे वाचले ना?” आईने विचारलं. “त्यातून शीट आणा.”

“बाई, आपण फेडत होतोच कुठे? होते कुठे पैसे? जे देतच नव्हतो ते आता द्यायचं नाही, एवढंच. त्यातून हातात काय येणार?”

“बरं. मग फुकटच्या यायच्या त्या शीट?”

इथे साहेबाने खांदे उडवले. “त्या आता बंद. ते म्हणतात, यंदा आम्ही तुम्हाला एवढी मोठी माफी दिली, तीच आमची मदत. त्यांनी ती मदतीच्या खात्यातच धरली. आणखी काय मागणार आपण? बरं दिसतं का ते?”

म्हणजे जे पैसे त्यांना कधीच मिळणार नव्हते ते त्यांनी सोडून दिले, त्याला मदत म्हटलं, आणि खरी मदत बंद केली. तोंडाला पानं पुसायची ही पद्धत इतकी सफाईदार होती की मी क्षणभर चिडायचंच विसरले. मग मामाकडे बघितलं. मला वाटलं तो म्हणेल, “हो साहेब, बरोबर आहे.” तो काहीच बोलला नाही. उतरताना तो जिन्याखालच्या दालनात थांबला. समोरच्या भिंतीवर आमचा बोर्ड लावला होता. मामा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. आधी मला वाटलं वाचतोय. मग त्याचे ओठ हलताना दिसले आणि कळलं की तो वाचत नाही, माप घेतोय.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कामाचा मळका एप्रन घालून, खांद्यावर शिडी आणि हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन मामा मंत्रालयात शिरला. ज्या माणसाने इस्पितळाची टाचणीसुद्धा कधी घरी आणली नव्हती, तो सरळ भिंतीला शिडी लावून वर चढला. दारावरचा दरवान युद्धातून एका पायाने परत आला होता आणि दुसरा त्याला मामाने दिला होता. तो लंगडत जवळ आला.

“काय रे, काय करतोयस?”

“दुरुस्तीला नेतोय,” मामा म्हणाला.

दरवानाने बोर्डाकडे बघितलं, मामाकडे बघितलं, आणि खालून शिडी धरली. दोन साहेब गप्पा मारत बाजूने गेले, त्यांनी मानही वळवली नाही. एप्रन घातलेला माणूस सरकारी इमारतीत कुणाला दिसत नाही, हे मामाला आयुष्यभर माहीत होतं. त्याचा उपयोग करावा हे त्याला पहिल्यांदाच सुचलं.

जोडीदार नव्हता, म्हणून शीट ओढायला आई उभी राहिली. गणवेशाचं कापड ताणायची सवय असलेले तिचे हात. चटके बसले तरी तिने टोक सोडलं नाही. निळा रंग भट्टीत करपून शेडभर वास सुटला. मामाने कानशीने तो खरवडला, तरी वाटीच्या आतल्या बाजूला अक्षरांच्या निळ्या सावल्या राहिल्याच. एका जागी स्क्रूचं भोकही राहिलं. साचा घेताना मामाचे हात माझ्या जखमेभोवती इतके जपून फिरत होते, की मी त्याच्यावर धरलेला राग मला धरता येईना. “सैल ठेवलीय थोडी,” तो म्हणाला, “तू वाढशील म्हणून.” माझी जखम त्या वाटीत भरून आली. गुडघा वाचला. उरलेल्या शीटमधून बाकावरच्या बऱ्याच जणांचे पाय झाले. ‘मित्र’ हा शब्द कुणाच्या पायात गेला यावर बाकावर पुढे बरीच थट्टा चालायची.

बोर्ड गेल्याचं मंत्रालयात कुणाच्याच लक्षात आलं नाही. तिथे कुणीतरी घड्याळ लावलं.

काही महिन्यांनी पुन्हा समिती आली. जुनं कर्ज माफ झाल्यामुळे आम्ही आता नवं कर्ज घ्यायला पात्र झालो होतो, आणि देणाऱ्यांना गरिबी बघायची होती. लवकरच साहेब रिबनचं रीळ घेऊनच शेडमध्ये शिरला. मागे दारात पाहुण्यांच्या गाड्या थांबल्या होत्या.

“चला, मुलीचा पाय काढा,” तो म्हणाला. “पुसून घ्या जरा.”

“नाही,” मामा म्हणाला.

साहेबाला ते कळलं नाही. त्या आवाजात तो शब्द त्याने कधी ऐकलाच नव्हता. “काय?”

“नाही काढणार. पाय तिचा आहे.”

“अहो, दोन मिनिटांचं काम आहे! बाई मग देणार काय?”

“बाहेर बाकावर माणसं बसलीयत,” मामा म्हणाला. “त्यांना पाय नाहीत. त्यांना द्या म्हणावं काहीतरी.”

साहेबाने माझ्याकडे हात पुढे केला, तेव्हा मामा मधे येऊन उभा राहिला. नुसता उभा. मी त्याला पाठमोरा बघत होते आणि मला पहिल्यांदा कळलं की मामा साहेबापेक्षा उंच आहे. आता, वाटी काढली असती तर आतली निळी अक्षरं साहेबाला दिसली असती आणि मामा तुरुंगात गेला असता, हेही खरं. तो माझ्यासाठी ‘नाही’ म्हणाला की त्या अक्षरांच्या भीतीने, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे, आणि त्यावर मला कुणाशी वाद घालायचा नाही.

फोटो झाला नाही. समिती पुढच्या ठिकाणी गेली. नवं कर्ज तरीही मिळालं, त्याला माझी गरज नव्हतीच. मामाची बदली रिकाम्या भांडारावर राखणदार म्हणून झाली आणि निवृत्त होईपर्यंत तो तिथे रिकामी फळकुटं सांभाळत बसला. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी शेडला कुलूप लावून आम्ही घरी निघालो. इस्पितळाच्या उतारावर तो नेहमी माझं कोपर धरायचा, मी घसरेन म्हणून. त्या दिवशी त्याने हात पुढे केला आणि माझ्या लक्षात आलं की तो पायापासून थरथरतोय, त्याला पाऊल टाकता येत नाहीये.

“चुकलं का गं माझं?” त्याने विचारलं.

मी त्याचा हात माझ्या खांद्यावर घेतला, बोर्डाचा पाय घट्ट रोवला आणि त्याला धरून उतार उतरले.